जैविक घड्याळाचा प्रकल्प: उंदीर घ्यायचे की रात्रपाळीची माणसं?

एम.एस्सी.ला झोप-जागेची वेळ ठरवणाऱ्या शरीराच्या घड्याळावर प्रकल्प करायचा म्हटलं की कोल्हापुरात दोन वाटा दिसतात: प्राणिगृहातले उंदीर, नाहीतर शिरोलीच्या फाउंड्रीत रात्रपाळी करणारी माणसं. आधी स्वतःचा प्रश्न पक्का कर.

घड्याळ चालतं कसं, हे शोधायचं असेल तर उंदीरच. पिंजऱ्यात चाक, बारा तास उजेड, बारा तास अंधार. दिवा मालवला की तो भुशातून नाक काढतो आणि थोड्याच वेळात चाकावर चढतो. मग दिवा कायमचा बंद ठेवायचा. 'सी५७ ब्लॅक ६' या प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या जातीचं आतलं घड्याळ साधारण २३.७ तासांचं, म्हणून तो रोज पंधरा-वीस मिनिटं आधी पळायला लागतो. रोजच्या नोंदी एकाखाली एक लावल्या की डावीकडे सरकणारी तिरकी रेघ उमटते. ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. १९९४ साली अमेरिकी शास्त्रज्ञ जोसेफ ताकाहाशी यांच्या गटाला हे घड्याळ चालवणाऱ्या 'क्लॉक' जनुकातला बिघाड सापडला, तो उंदरांच्या अशाच धावण्यावरून.

माणसाला असं महिनाभर अंधारात ठेवता येत नाही. मनगटावरचं हालचाल मोजणारं यंत्र आणि झोपेची वही, एवढंच हाती. त्यात पाळी बदलते, घरी लहान मूल रडतं, चहा होतो. पण रात्रपाळीचा त्रास समजून घ्यायचा असेल तर माणसांकडेच जायला हवं. उंदीर निशाचर, रात्रीचं काम ही त्याची दिवसपाळीच. शिवाय 'सी५७ ब्लॅक ६'च्या शरीरात मेलॅटोनिन, म्हणजे रात्री बनणारं संप्रेरक, जवळजवळ बनतच नाही. प्रश्न त्याचाच असेल तर 'सीबीए' जात बघ.

परवानगी दोन्हीकडे लागते: उंदरांसाठी प्राणी नैतिकता समितीची, माणसांसाठी मानवी नैतिकता समितीची, वर प्रत्येकाची लेखी संमती. दोन्हीला वेळ जातो, अर्ज आधीच टाक.

माझा कल उंदरांकडे आहे, पण खोली चांगली असेल तरच. आमच्या वेळी कुणीतरी दार उघडून ट्यूब लावली. उंदरांची रात्र नुकतीच सुरू झाली होती. त्या वेळचा उजेड घड्याळ मागे ढकलतो, रात्र सरतानाचा पुढे. तीन आठवड्यांची नोंद पाण्यात गेली. म्हणून होकार देण्याआधी प्राणिगृहात दिवे मालवून दहा मिनिटं उभी राहा. डोळे सरावल्यावर दाराच्या फटीतून उजेड दिसला, तर सरळ शिरोलीची बस पकड.