बिलबोर्डचे शैलीवार चार्ट: कामाचे, पण डोळे झाकून वापरू नका

गाणं किती चाललं हे पाहायला बिलबोर्ड, म्हणजे लोकप्रिय गाण्यांच्या क्रमवारी (चार्ट) छापणारं अमेरिकी संगीत-नियतकालिक, उत्तम. ते कोणत्या शैलीच्या खणात टाकलंय, याबाबतीत मात्र भरवसा कमी. कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या चार्टवरच्या पाट्याच बघा: १९४५ला ‘रेस’, १९४९ला ‘रिदम अँड ब्लूज’, १९८२ला थेट ‘ब्लॅक’, १९९०ला पुन्हा ‘आर अँड बी’. नावं बदलली, गायक-श्रोते कृष्णवर्णीय, हा आतला निकष बराच काळ तोच राहिला.

२०१९मध्ये कृष्णवर्णीय रॅपर लिल नॅस एक्सचं ‘ओल्ड टाउन रोड’ कंट्री (अमेरिकेतलं ग्रामीण वळणाचं संगीत) चार्टवरून काढलं. बँजो, घोडे, टोपी, सगळं असूनही! तेच गाणं सगळ्या शैलींच्या ‘हॉट १००’ चार्टवर १९ आठवडे पहिलं होतं.

म्हणून ‘हॉट कंट्री साँग्ज’ आणि ‘कंट्री एअरप्ले’ हे बिलबोर्डचे दोन कंट्री चार्ट शेजारी ठेवून वाचा. पहिल्यात स्ट्रीमिंग, विक्री, रेडिओ असं तिन्ही धरतात. दुसऱ्यात फक्त रेडिओ. २०२४मध्ये बियॉन्सेचं ‘टेक्सास होल्ड एम’ पहिल्यात अव्वल, दुसऱ्यात पहिल्या तिसांतही नाही. श्रोत्यांनी उचललं, स्टेशनांनी नाही. त्यात कंट्री रेडिओवर बायकांची गाणी पाठोपाठ लावायची नाहीत, हा जुना अलिखित दंडक. गायिकेचा एअरप्लेचा आकडा वाचताना या दंडकाचा परिणाम आधी लक्षात घ्या.