पन्हळ झकास, जाळी फुकट: अकरा महिन्यांचा अनुभव

मंगळवार पेठेतलं आमचं घर आजोबांच्या वेळचं. मंगलोरी कौलं, सागवानी वासे आणि मागच्या बाजूला शेजारच्यांची चिंच छपरावर ओणवी झालेली. मृगाआधी शाकारणी करायची, फुटकी कौलं बदलायची, पत्र्याच्या पन्हळीला डांबर फासायचं, हे दरवर्षीचं ठरलेलं. गेल्या मे महिन्यात डांबर फासायलाही पत्रा उरला नव्हता, म्हणून पीव्हीसीची सहा इंची पन्हळ घातली आणि वर प्लॅस्टिकची जाळी. लांबी 32 फूट, खाली उतरणारे दोन पाईप, मजुरीसकट 11,500 रुपये.

पन्हळीबद्दल तक्रार नाही. पुनर्वसूची झड लागली तेव्हा आठवडाभर ऊन दिसलं नाही, तरी पागोळ्यांचं पाणी भिंतीवर आलं नाही. दरवर्षी फुगणारा मागचा गिलावा यंदा जागेवर आहे.

जाळीनं मात्र फसवलं. विकणारा म्हणाला होता, "आता वर चढायचं कामच नाही साहेब." आंब्याचं पान असतं तर खरंही झालं असतं, ते जाळीवर अडतं, वाळतं, उडून जातं. चिंचेचा पाला जाळीतून सरळ आत. जुलैत एका रात्री पन्हळ काठावरून वाहायला लागली. सकाळी जाळी उचलून हात घातला तर तळाशी चार बोटं काळा रेंदा, शेणकाल्यासारखा, आणि त्यात चिंचेची दोन रोपं. आई खालून म्हणाली, "उपटून टाकू नकोस, कुंडीत लावू." त्यात साफ करायचं तर आधी 32 फुटांच्या क्लिपा काढा, मग परत बसवा. अर्ध्या तासाचं काम दीड तासावर गेलं. सप्टेंबरात जाळी काढून माळ्यावर टाकली. आता पाईपाच्या तोंडात फक्त तारेचा गोल पिंजरा आहे, तेवढा पुरतो.

बसवणाऱ्यानं उतार डोळ्यानंच धरला होता. मधे पाणी साचून डास व्हायला लागले. मग गवंड्याकडची पातळी बघायची पाण्याची नळी आणून दहा फुटांमागं पाव इंच उतार धरला आणि हुक परत मारले. सांधेही त्यानं सोल्युशन लावून पक्के चिकटवले होते. पीव्हीसी उन्हानं वाढतं. दहा मीटर लांबीला 30 अंशांचा फरक पडला तर जवळपास दोन सेंटीमीटर. या एप्रिलात एक सांधा उकललाच. आता तिथं रबर असलेला, सरकायला जागा ठेवणारा जोड घातलाय.

पण खरी गंमत पन्हळीत नव्हती. माजघरात जुलैभर एकाच जागी ठिपकत होतं. जो तो म्हणे, कौल फुटलंय. पाऊस उघडल्यावर कौल काढलं तर अख्खं, ठणठणीत. त्याच्या कडेची खाच मात्र पाला आणि मातीनं गच्च बुजलेली. पाणी खाचेतून खाली जायचं ते वर चढून आत पडत होतं. काथ्याच्या कुंच्यानं खाच साफ केली, गळणं थांबलं. काही वर्षांपूर्वी अशाच एका जागी कुणीतरी सिमेंट भरून दिलं होतं. आत गेलेलं पाणी तिथं सुकलंच नाही आणि वासा कुजला. तेव्हापासून कौलांना सिमेंट लावायचं नाव काढलं की आई हाकलून देते.

बदली कौलं नवी घेऊ नका. आमच्या काही कौलांवर बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेचा छाप आहे. मंगळूरला 1865 साली त्यांचा कारखाना निघाला, तिथलं हे कूळ. आम्ही आणलेलं नवं कौल या जुन्याच्या खाचेत नीट बसलं नाही, फट राहिली. शेवटी पाडलेल्या एका वाड्याची पंचवीस कौलं आणून ठेवलीत.

वर चढणाऱ्यानं कौलाच्या पोटात पाय देऊ नये. खालच्या कडेला, जिथं कौलावर कौल चढतं आणि खाली रीप, म्हणजे आडवी लाकडी पट्टी असते, तिथंच द्यावा. ओल्या शेवाळावर तर चढूच नये. मी एकदा वळचणीपर्यंत घसरलोय.

शेजारच्या काकूंना फांदी छाटायचं विचारलंय. म्हणाल्या, "चिंचा उतरून झाल्या की बघू." कुंडीतली रोपं वीतभर झालीत, आई ती त्यांनाच द्यायचं म्हणतेय.