आयफोनचा ‘ड्रायव्हिंग फोकस’: आठ महिने वापरल्यावर

गाडी चालू असताना मेसेजची टिंग वाजू नये, स्क्रीन उजळू नये, एवढंच या सोयीचं काम. २०१७ मध्ये आयओएस ११ बरोबर ती आली आणि २०२१ च्या आयओएस १५ पासून ‘फोकस’मध्ये गेली. काम चोख आहे, पण सेटिंग नीट लावलं नाही तर चार दिवसांत वैतागून बंद कराल.

सेटिंग्ज, फोकस, ड्रायव्हिंग या वाटेने ‘व्हाइल ड्रायव्हिंग’ उघडा. तिथे ‘ऑटोमॅटिकली’ टाळा. त्यात फोन हालचालीवरून आपण वाहनात आहोत हे ओळखतो, पण स्टिअरिंग कुणाच्या हातात आहे ते त्याला कळत नाही. एसटीत खिडकीशी बसलेल्याचाही फोन गप्प होऊ शकतो, मग ‘मी गाडी चालवत नाहीये’ असं त्याला सांगत बसायचं. ‘कार ब्लूटूथ’ला जोडल्यावर चालू होण्याचा पर्याय सगळ्यात भरवशाचा. तरीही चालू होत नसेल तर ब्लूटूथच्या यादीत गाडीच्या नावापुढचा ‘आय’ दाबा आणि ‘डिव्हाइस टाइप’मध्ये ‘कार स्टिरिओ’ निवडलंय का ते बघा. बहुतेकदा घोळ तिथेच असतो. ब्लूटूथला जोडलेलं असताना कॉल नेहमीसारखे येतात, बंद होतात ते मेसेज आणि नोटिफिकेशन.

‘ऑटो-रिप्लाय’ मात्र विचार करून लावा. ‘ऑल कॉन्टॅक्ट्स’ ठेवलंत तर प्लंबरपासून जुन्या भाडेकरूपर्यंत ज्याचा मेसेज येईल त्याला तुम्ही घराबाहेर, रस्त्यावर आहात हे आपोआप कळतं. ‘फेव्हरिट्स’ पुरे, आणि त्यातही चारपाचच माणसं ठेवा. मजकूर बदलून ‘थोड्या वेळाने बोलतो’ एवढंच लिहा. समोरच्याने ‘urgent’ असं उत्तर पाठवलं की त्याचा मेसेज आत येतो, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. आपल्याकडची मोठी उणीव म्हणजे हे उत्तर एसएमएस आणि आयमेसेजलाच जातं. व्हॉट्सॲपवर नोटिफिकेशन थांबतं, पण पाठवणाऱ्याला काहीच कळत नाही. ज्यांचं सगळं व्हॉट्सॲपवर चालतं, त्यांना ऑटो-रिप्लायचा उपयोग जवळजवळ नाहीच.

लक्ष का हवं ते साध्या गणितात कळतं: ताशी ६० किलोमीटरने गाडी पाच सेकंदांत सुमारे ८३ मीटर जाते. मोटार वाहन कायद्यातही २०१९ च्या दुरुस्तीनंतर चालवताना हातातला फोन वापरणं कलम १८४ खाली धोकादायक वाहनचालन ठरतं. पहिल्या वेळी एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. ऑक्टोबर २०२० पासून नियमात फक्त रस्ता पाहण्यापुरती, तीही चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशी सूट आहे. म्हणून पत्ता टाकायचा तो गाडी गिअरमध्ये टाकण्याआधी. हँड्सफ्रीवर बोललं की धोका संपला, असंही नाही. हात मोकळे राहतात, मन संभाषणात अडकतं. कॉल घ्यायचाच तर ‘पोचल्यावर बोलू’ एवढ्यावर आटपा.

आता गाडीकडे. फोन जोडताना गाडी कॉन्टॅक्ट मागते. ‘हो’ म्हटलंत की फोनबुक आणि कॉलची यादी गाडीत उतरते, आणि बऱ्याच गाड्यांत ती तिथेच साठून राहते. गाडीच्या ‘आय’मध्ये ‘सिंक कॉन्टॅक्ट्स’ बंद करा. अँड्रॉइडवर हाच पर्याय जोडलेल्या डिव्हाइसच्या तपशिलात कॉन्टॅक्ट शेअरिंगच्या नावाने असतो. येणारा कॉल मग नावाऐवजी नंबर दाखवू शकतो, तेवढी गैरसोय चालवून घ्यावी. तसंच नोटिफिकेशनचे ‘प्रीव्ह्यूज’ ‘व्हेन अनलॉक्ड’वर ठेवा, म्हणजे स्टँडवर लावलेल्या लॉक फोनवर बँकेचा ओटीपी शेजारच्याला दिसणार नाही.

फोनमधून ‘फर्गेट धिस डिव्हाइस’ केल्याने गाडीतलं काही पुसलं जाईलच असं नाही. गाडी विकताना तिच्या स्क्रीनवरून आधी फोन काढा, मग फॅक्टरी रीसेट करा, नकाशातला ‘होम’ पत्ता गेला का तेही बघा. भाड्याच्या गाडीत ब्लूटूथ जोडूच नका, आणि चार्जिंगसाठी गाडीच्या यूएसबीऐवजी १२ व्होल्टच्या सॉकेटमधला आपला चार्जर वापरा.