घरी इलेक्ट्रिक केलेल्या गाडीचा विमा: काही महिने वापरल्यानंतर

इंजिन काढून मी स्वतः इलेक्ट्रिक केलेली जुनी हॅचबॅक आता रोजच्या वापरात आहे. तिच्यावर ‘ठरलेल्या किमती’ची, म्हणजे गाडीची किंमत कंपनीशी आधीच ठरवून घेतलेली पॉलिसी आहे आणि मधे एक क्लेमही होऊन गेला. पॉलिसी चांगली आहे, पण ती उपयोगी पडली ती बॅटरीची नोंद वेगळी करून घेतली म्हणूनच.

बाजारभावाच्या साध्या पॉलिसीत कंपनी गाडीचं मॉडेल आणि वय बघते. जुन्या गाडीला किंमत ती काय असणार! आत बसवलेला बॅटरी पॅक मात्र तिच्या कितीतरी पट महाग. आग लागली किंवा गाडी चोरीला गेली तर पॅकचे पैसे बुडाले, हे सगळ्यांच्या लक्षात येतं. खरी भीती साध्या अपघाताची आहे. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या आसपास गेला की कंपनी ‘टोटल लॉस’ धरते, जुन्या गाडीपुरते पैसे हातावर ठेवते आणि गाडी भंगारात घेऊन जाते, आतल्या धडधाकट पॅकसकट! एक दरवाजा आणि बंपर चेपल्यामुळे अख्खी बॅटरी हातची जाऊ शकते.

म्हणून मी दोन गोष्टी लेखी घेतल्या. पॅक, मोटर, कंट्रोलर आणि चार्जर यांची किंमत वेगळी दाखवली, आणि टोटल लॉस झालाच तर भंगाराची रक्कम वजा करून गाडी स्वतःकडे ठेवण्याचा हक्क मागून घेतला. या दुसऱ्या कलमासाठी फोनवर फोन करावे लागले. ते मिळालं नसतं तर मी ही पॉलिसी घेतलीच नसती.

माझ्या पॅकमध्ये निसान लीफ या इलेक्ट्रिक गाडीच्या पहिल्या पिढीच्या २४ किलोवॅट-अवर पॅकमधली ४८ मॉड्यूल आहेत. प्रत्येकात ४ सेल, आणि सगळी सिरीजमध्ये जोडल्यावर सुमारे ३६० व्होल्ट. माल सेकंडहँड, त्यामुळे नुसत्या बिलावर किंमत मान्य होईना. पॅक पूर्ण चार्ज करून ठरावीक करंटवर रिकामा केला, किती ऊर्जा मिळाली ते मोजलं आणि तो रिपोर्ट जोडला, तेव्हा कुठे आकडा ठरला. सोबत इंजिनिअरचा तपासणी दाखला, पुढच्या-मागच्या ॲक्सलवरचं वजन, फ्यूज, कॉन्टॅक्टर (पॅकचा प्रवाह जोडणारा-तोडणारा स्विच) आणि बीएमएसचा (सेलवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटचा) तपशील. आणि पॅकच्या पेटीचं झाकण लावण्याआधीचे फोटो. हे फोटो प्रत्येकाने काढाच, मोजपट्टी शेजारी धरून.

क्लेमच्या वेळी तेच कामी आले. रस्त्यावरचा लोखंडी तुकडा उडून पेटीच्या तळाला लागला आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्याला पोचा पडला. सर्व्हेअर सज्जन होता. पॅकमधलं आपल्याला कळत नाही, असं त्याने सरळ सांगितलं. मग पॅक आणि बॉडी यांच्यातला इन्सुलेशन रेझिस्टन्स, म्हणजे वीज बॉडीत गळू न देणारा विरोध, त्याच्यासमोर मोजला. इलेक्ट्रिक गाड्यांच्या सुरक्षेसाठीच्या युनोच्या आर१०० नियमात डीसी बाजूला दर व्होल्टमागे किमान १०० ओहम लागतात, म्हणजे ३६० व्होल्टला ३६ किलोओहम. इथे रीडिंग मेगाओहममध्ये आलं, दाखल्यातल्या जुन्या रीडिंगच्या जवळपास तेवढंच. पत्रा आणि मॉड्यूल यांच्यातली मोकळी जागा पोच्याच्या खोलीपेक्षा जास्त आहे, हे फोटोतल्या पट्टीवर त्याला दिसलं. पत्र्याचे पैसे पूर्ण मिळाले.

मजुरीवर मात्र अडलं. कंपनीच्या यादीतलं गॅरेज हाय-व्होल्टेजच्या नारिंगी केबलला हात लावायला तयार नव्हतं. पॅक उतरवून पुन्हा बसवणारा माणूस मला शोधावा लागला, पण कंपनीने दर धरला तो नेहमीच्या मेकॅनिकचा. फरक मी भरला. या पॉलिसीची ही खरी कमजोरी, आणि मला ती अन्यायाची वाटते.

कव्हर कशाला नाही तेही नीट वाचा. वयानुसार घटणारी क्षमता आणि आपोआप बिघडलेला बीएमएस यात येत नाहीत. गॅरेजमधल्या फळीवर ठेवलेली सुटी मॉड्यूलही नाहीत. रूपांतर अर्धवट असताना गाडी जॅकवर उभी असेल, तर त्या काळासाठी वेगळं कव्हर विचारा. आणि बदल कंपनीला कळवलाच पाहिजे. माहिती लपवली या कारणावरून क्लेम तर नाकारला जातोच, पॉलिसीही रद्द होऊ शकते.

नूतनीकरण मी याच कंपनीकडे करणार आहे. क्षमतेची चाचणी नव्याने करून किंमत बदलून घेईन, आणि हाय-व्होल्टेज कामाचा मजुरीचा दर या वेळी पॉलिसीतच लिहून मागितला आहे. उत्तराची वाट बघतो आहे.