डिझाइन संग्रहालयाच्या व्याख्यानांचं सदस्यत्व : आठ महिन्यांनंतर

गेल्या गुरुवारी पुन्हा तेच झालं. व्याख्यान संपलं, प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि माझ्या कानातल्या ऐकायच्या मशीनमध्ये एकदम शांतता. मागच्या रांगेतली एक मुलगी उभी राहून बोलत होती, लोक माना डोलावत होते. वक्त्या उत्तर द्यायला लागल्या की आवाज परत यायचा. म्हणजे उत्तरं सगळी ऐकली, प्रश्न एकही नाही. घरी येऊन ठरवलं, आठ महिन्यांचा हिशेब आता लिहूनच काढायचा.

संग्रहालय इंग्लंडमधल्या आमच्या शहरातलं. नाव देत नाही, कारण हाच त्रास मला आणखी दोन सभागृहांत झालाय. ऑक्टोबरमध्ये 65 पौंड भरले. सदस्यांना दर व्याख्यानाला 8 पौंड, बाहेरच्यांना 14. आजवर नऊ ऐकली, म्हणजे 54 पौंड वाचले, 11 वसूल व्हायचेत. पेन्शनवर राहणाऱ्या माणसाला हा हिशेब करावाच लागतो. प्रदर्शनं फुकट आहेत, पण मी गेले ती व्याख्यानांसाठी.

विषय मात्र एकापेक्षा एक सरस. पहिलंच होतं रस्त्यावरच्या पाट्यांवर. जॉक किनिर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट या दोन डिझायनरांनी इथल्या पाट्या नव्यानं घडवल्या. 1958 मध्ये प्रेस्टन बायपासवर पहिल्यांदा लागल्या, 1965 पासून देशभर. नुसती कॅपिटल अक्षरं सोडून त्यांनी लहान-मोठी अक्षरं वापरली, कारण वेगानं जाताना आपण शब्द त्याच्या आकारावरून ओळखतो, असं त्यांचं म्हणणं होतं. शाळेजवळच्या पाटीवर आधी मुलगा पुढे आणि मुलगी मागे असायची. कॅल्व्हर्टबाईंनी मुलीच्या हातात मुलाचा हात दिला, आणि त्या मुलीसाठी स्वतःचाच लहानपणचा फोटो समोर ठेवला. चाळीस वर्षं मी त्या पाटीखालून जातेय आणि मला हे माहीत नव्हतं.

आता लूपबद्दल, म्हणजे हॉलमधल्या माइकचा आवाज थेट कानातल्या मशीनमध्ये पोचवणाऱ्या सोयीबद्दल. ज्यांच्या घरी कुणी मशीन वापरत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : हॉलच्या कडेनं तार फिरवलेली असते. माइकचा आवाज अॅम्प्लिफायरमधून तिच्यात जातो, तारेभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि मशीनमधली टी-कॉइल नावाची तारेची बारीक गुंडाळी ते पकडून त्याचा पुन्हा आवाज करते. मशीन टी-कॉइलच्या, म्हणजे ‘टी’ सेटिंगवर लावलं की खोकले, खुर्च्यांची करकर, पंख्याची घरघर सगळं गळून पडतं आणि वक्ता थेट कानाशी येऊन बोलतो. पण जो आवाज त्या तारेत जातच नाही, तो आपल्यासाठी हॉलमध्येही नसतो.

डिसेंबरमध्ये हे मला फार लागलं. विषय फ्रँकफर्ट किचन, वास्तुविशारद मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की यांनी 1926 मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या कामगार वस्तीसाठी आखलेलं स्वयंपाकघर. जेमतेम 1.9 बाय 3.4 मीटरची खोली. तांदूळ, साखर थेट भांड्यात ओतता यावी म्हणून चोच असलेले अॅल्युमिनियमचे खण. पिठाचा खण तेवढा ओकच्या लाकडाचा, त्यात अळ्या होऊ नयेत म्हणून. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बसवली गेली. मी वहीची चार पानं भरली. मग प्रश्नोत्तरं झाली, कुणीतरी काही विचारलं आणि सगळ्या हॉलनं टाळ्या वाजवल्या. मी तशीच बसून राहिले. प्रश्न काय होता ते परतताना बसमध्ये धाकट्या जावेनं सांगितलं : या स्वयंपाकघरात एकच बाई मावते, दुसरी मदतीला आली तर तिनं उभं कुठे राहायचं? त्या संध्याकाळचा सगळ्यात चांगला प्रश्न मला बसमध्ये कळला. त्या रात्री माझं मत पक्कं होतं : सदस्यत्व घेऊ नका.

दारावरच्या माणसाकडे तक्रार केली तर तो मला अॅम्प्लिफायरचा हिरवा दिवा दाखवायचा. हिरवा दिवा म्हणजे वीज चालू आहे, एवढंच. तीनदा दिवा पाहिल्यावर मी जानेवारीत थेट आवाजाचं टेबल सांभाळणाऱ्या मुलाकडे गेले. त्यानं लूप तपासायचं छोटं यंत्र कानाला लावलं, हॉलभर फिरला आणि दोन मिनिटांत दोष सापडला. वक्त्याचा माइक स्पीकर आणि लूप दोन्हीकडे जात होता. प्रेक्षकांत फिरणारा माइक फक्त स्पीकरकडे. एक बटण दाबायचं राहिलं होतं, आणि ते किती महिने राहिलं होतं देव जाणे.

त्यानंतरचं फेब्रुवारीतलं व्याख्यान. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्यानं 1958 मध्ये भारत सरकारला दिलेला अहवाल, ज्याच्या आधारावर 1961 मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली. भारतभर हिंडून त्यांनी सर्वांत जास्त जीव लावला तो लोट्याला. तो कडेवर कसा बसतो, डोक्यावर कसा तोलतो, भरला आणि रिकामा असताना तोल कुठे जातो, आतून हात घालून घासता येतो का. आणि त्याचा आवाज कसा येतो : दुसऱ्या भांड्यावर आदळल्यावर, जमिनीवर ठेवताना, पाणी ओतताना. माझ्या सासूबाईंचा पितळी तांब्या मी सांगलीहून इथे आणलाय. नळाखाली धरला की भरत येताना त्याचा आवाज चढत जातो, न बघता कळतं की आता नळ बंद करायचा. गेली सहा वर्षं मशीन काढलं की मला तो ऐकू येत नाही.

एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, प्लास्टिकची बादली आल्यावर तो आवाज गेला, त्याची नोंद कुणी केली का? हा प्रश्न मला शब्दन् शब्द ऐकू आला. त्यानंतर मी हात वर करून तांब्याच्या चढत्या आवाजाबद्दल सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा इंग्रजीत, भरल्या हॉलमध्ये. म्हणून मी माझं मत बदलते : सदस्यत्व जरूर घ्या, व्याख्यानं पैशापेक्षा कितीतरी मोलाची आहेत.

पण गुरुवारी तो मुलगा रजेवर होता, टेबलावर दुसरं कुणी होतं आणि बटण पुन्हा राहिलं. विषय कोणता होता, तर 1990 मध्ये आलेलं जाड, मऊ मुठीचं साल काढायचं सोलाणं. ते बाजारात आणणारे उद्योजक सॅम फार्बर यांच्या पत्नीला संधिवातामुळे साधं सोलाणं धरता येईना, त्यातून ते जन्माला आलं आणि पुढे धडधाकट माणसांनीही तेच घेतलं. पाऊण तास हे ऐकायचं आणि लगेच आपणच बाहेर राहायचं, याचं मला खरंच वाईट वाटलं.

मशीन वापरणाऱ्यांनी दोन गोष्टी कराव्यात. ऑडिओलॉजीत, म्हणजे कान तपासतात त्या विभागात, सांगून टी आणि मशीनचा स्वतःचा माइक दोन्ही एकत्र चालतील असा वेगळा प्रोग्राम टाकून घ्या. गलका वाढतो, पण प्रश्नाचा निदान सूर कळतो. आणि नवं मशीन घेताना त्यात टी-कॉइल आहे ना, हे आधी विचारा. अगदी लहान मशीनमध्ये बरेचदा ती नसते.

संग्रहालयाला मी रात्रीच पत्र लिहिलं : दर कार्यक्रमाआधी दोन्ही माइक लूपवर तपासावेत, आणि ते जमेपर्यंत वक्त्यानं प्रश्न आधी स्वतःच्या माइकवर पुन्हा म्हणावा. उत्तर यायचंय. पुढचं व्याख्यान जॉर्ज कारवर्डाइन यांच्या स्प्रिंगच्या दिव्यावर आहे, अँगलपॉइझवर. त्या दिवशी मी अर्धा तास आधी पोचणार आहे, टेबलापाशी उभी राहणार आहे, आणि जावेला शेवटच्या रांगेत तो दुसरा माइक देऊन एकपासून दहापर्यंत आकडे म्हणायला सांगणार आहे.