एसएसडी वरच्या स्लॉटात की खालच्या?

आमच्या बेळगाव-खानापूर भागातली पोरं गेमिंग पीसी जुळवताना बी५५० मदरबोर्ड (एएमडीच्या रायझन प्रोसेसरसाठीचा) हमखास घेतात. त्यावर एसएसडी (हार्डडिस्कपेक्षा वेगवान साठवण) बसवायला बहुधा दोन एम.२ स्लॉट, म्हणजे छोट्या पट्टीच्या खाचा, असतात, आणि ते सारखे नसतात.

प्रोसेसरजवळचा वरचा स्लॉट थेट प्रोसेसरला जोडलेला असतो. रायझन ५ ५६०० असेल तर तिथे जेन ४ चा (पीसीआयई या जोडणीच्या चौथ्या पिढीचा) वेग मिळतो, सेकंदाला साधारण ७००० एमबीपर्यंत. मात्र ५६००जी घेतला असेल तर हाही स्लॉट जेन ३ वरच चालतो, म्हणून महागडी जेन ४ एसएसडी घेण्याआधी प्रोसेसरचं नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा.

खालचा स्लॉट चिपसेटमार्फत (बोर्डावरची, बाकी जोडण्या प्रोसेसरपर्यंत नेणारी चिप) जातो. वेग जेन ३ चा, सेकंदाला साधारण ३५०० एमबी, शिवाय बरेचसे यूएसबी, साटा (हार्डडिस्कची जोडणी) आणि नेटवर्क त्याच वाटेने प्रोसेसरकडे जातात. काही बोर्डांवर हा स्लॉट भरला की एकदोन साटा पोर्ट बंद पडतात; जुनी हार्डडिस्क अचानक दिसेनाशी झाली तर आधी मॅन्युअल उघडा. बऱ्याच बोर्डांवर तो ग्राफिक्स कार्डाखाली दडतो. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात तिथे एसएसडी चांगलीच तापते, आणि तो इवलासा स्क्रू काढायचा तर आधी अख्खं कार्ड उपसावं लागतं.

माझं मत स्पष्ट आहे: विंडोज आणि रोजचे गेम वर, बाकी साठा खाली. गेम लोड होण्यात बहुतेकदा एखाद्या सेकंदाचाच फरक पडतो, त्यामुळे खालच्यासाठी जेन ३ ची स्वस्त एसएसडी घ्या आणि वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घाला.