आभा क्रमांक: आईच्या आजारपणातील दहा महिन्यांचा अनुभव

माझ्या आईचे वय ७३ आहे. तिला एकोणीस वर्षांपासून मधुमेह आहे आणि गेल्या तीन वर्षांत तिच्या मूत्रपिंडांचे काम हळूहळू मंदावत गेले आहे. दर महिन्याला जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी रुग्णालयात, मध्येच काही उद्भवले तर तालुक्याला, आणि रक्ताच्या तपासण्यांसाठी घराजवळच्या खासगी लॅबमध्ये, अशा आमच्या फेऱ्या असतात. या तिन्ही ठिकाणचे कागद एका जागी दिसावेत, एवढ्याच अपेक्षेने मी दहा महिन्यांपूर्वी तिचा आभा क्रमांक, म्हणजे आरोग्याच्या नोंदी एकमेकींना जोडणारा चौदा आकडी सरकारी ओळखक्रमांक, काढला आणि तेव्हापासून प्रत्येक फेरीला तो न चुकता वापरला.

हा क्रमांक ज्यातून मिळतो, ते आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले आणि राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण ते चालवते. त्याचा एक फायदा पहिल्याच दिवशी जाणवला. ओपीडीच्या दाराशी लावलेला क्यूआर कोड मोबाईलने स्कॅन केला की नाव, वय, पत्ता आपोआप खिडकीपलीकडे पोहोचतो आणि टोकन मिळते. पाय सुजलेल्या आईला केसपेपरच्या रांगेत तासभर उभे राहावे लागत नाही, ही गोष्ट मी मुळीच लहान मानत नाही.

अडचण त्यानंतर सुरू होते. पहिल्या फेरीनंतर दोन दिवसांनी मोबाईलवरच्या आभाच्या अॅपमध्ये रुग्णालयाचे नाव, विभाग आणि तारीख दिसली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. ती नोंद उघडली तर आत फक्त नोंदणीची पावती होती: नाव, वय, लिंग, विभाग. डॉक्टरांनी केसपेपरवर पेनाने लिहिलेले सगळे, म्हणजे त्या दिवसाचे बीपी, पायांवरची सूज, इन्सुलिनचे कमी केलेले युनिट आणि बंद केलेली एक गोळी, कागदावरच राहिले होते. आम्ही रुग्णालयात गेलो होतो याची नोंद झाली होती, पण तिथे काय ठरले याची झाली नव्हती. दहा महिन्यांत हेच पुन्हा पुन्हा घडले. नऊ फेऱ्यांपैकी सात अॅपमध्ये दिसतात आणि त्यांपैकी दोन नोंदींतच तपासणीचा अहवाल आहे. औषधांची चिठ्ठी एकाही नोंदीत नाही. याचा दोष मी डॉक्टरांना देणार नाही. ज्या टेबलावर संगणक नाही आणि दारात शंभर माणसे उभी आहेत, तिथे चिठ्ठी टाईप करायची कोणी आणि केव्हा?

याची किंमत काय असू शकते, ते पावसाळ्यात कळले. आईचा गुडघा धरला म्हणून तिला तालुक्याच्या रुग्णालयात नेले. तिथल्या तरुण डॉक्टरांनी नीट तपासले, आपुलकीने विचारपूस केली आणि डायक्लोफेनॅकच्या गोळ्या लिहिल्या. अशा वेदनाशामक गोळ्यांनी मूत्रपिंडांकडे जाणारा रक्तपुरवठा कमी होतो, आणि आधीच दुखावलेल्या मूत्रपिंडांना त्याने मोठी इजा होऊ शकते. मी प्लॅस्टिकच्या पिशवीतून जुना केसपेपर काढून पुढे केला, तेव्हा त्यांनी लगेच ती चिठ्ठी खोडली आणि म्हणाले, "आजी, ही फाईल कधीच घरी विसरू नका." त्या वेळी आईचा आभा क्रमांक त्याच केसपेपरच्या कोपऱ्यात छापलेला होता. ज्या क्षणी त्या क्रमांकामागची माहिती हवी होती, त्या क्षणी ती पाहण्याचे कोणतेही साधन डॉक्टरांसमोर नव्हते, आणि साधन असते तरी पाहण्यासारखे आत फारसे काही नव्हते.

लॅबचे अहवाल मी स्वतः फोटो काढून अॅपमध्ये चढवतो. ते सुरक्षित राहतात, पण शेवटी ती चित्रेच असतात. आईचे क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांचे काम मंदावले की रक्तात वाढणारा घटक, या काळात १.६ वरून १.८ आणि पुढे २.१ वर गेले. मूत्रपिंडाच्या आजारात एका दिवसाच्या आकड्यापेक्षा ही चढण अधिक बोलकी असते, आणि नेमकी तीच अॅपमध्ये दिसत नाही. तीन वेगवेगळे फोटो उघडून, बोटांनी मोठे करून आकडे शोधावे लागतात. मी ते वहीत एकाखाली एक लिहून ठेवतो आणि डॉक्टर ती वही आवर्जून मागतात.

जुने केसपेपर जोडताना वेगळाच अडथळा आला. या व्यवस्थेत कागद एका मध्यवर्ती कोठारात जमा होत नाहीत. ते ज्या रुग्णालयात तयार झाले तिथेच राहतात आणि रुग्णाच्या संमतीने तेवढ्यापुरते पाठवले जातात. खासगीपणाच्या दृष्टीने ही रचना मला योग्यच वाटते. मात्र त्यासाठी रुग्णालय किंवा लॅबचे सॉफ्टवेअर या जाळ्याला जोडलेले असावे लागते, आणि आमची लॅब जोडलेली नाही. शिवाय जिथे आभा क्रमांक नोंदलेला नाही, तिथे जुनी नोंद मोबाईल क्रमांक, नाव, लिंग आणि जन्मवर्ष यांवरून जुळवली जाते. आईच्या आधारवर एक नाव, केसपेपरवर त्यालाच जोडलेले "बाई"; आधारवर जन्मवर्ष आहे, तर केसपेपरवर खिडकीवरच्या माणसाने अंदाजाने लिहिलेले वय; आणि केसपेपरवरचा मोबाईल क्रमांक माझ्या दिवंगत वडिलांचा. आपल्याकडच्या वयस्क माणसांचे कागद असेच असतात, आणि जुळणीच्या पद्धतीने हे गृहीत धरायला हवे होते. दुरुस्तीसाठी मला तीन वेगवेगळ्या खिडक्यांवर जावे लागले.

संमतीची कल्पनाही कागदावर उत्तम आहे. कोणते कागद, कोणत्या काळातले आणि किती दिवसांसाठी दाखवायचे, हे रुग्णाने ठरवायचे असते. प्रत्यक्षात आईच्या आधारला माझा मोबाईल जोडलेला आहे, ओटीपी माझ्याकडे येतो आणि मंजुरीचे बटणही मीच दाबतो. दर वेळी मी तिला विचारतो, पण न विचारता दाबले असते तरी कोणाला कळले नसते. ज्या घरात सुनेचे किंवा मुलीचे आजारपण झाकून ठेवायचे असते, तिथे यातून काय होऊ शकते, याची मला खरोखर काळजी वाटते.

आणखी एक गोंधळ थोडक्यात सांगतो. आभा कार्ड म्हणजे पाच लाखांच्या मोफत उपचारांचे आयुष्मान कार्ड नव्हे. आमच्या गावात दोन कुटुंबे आभा कार्ड घेऊन शस्त्रक्रियेसाठी गेली आणि हताश होऊन परतली.

एवढे असूनही, विचारणाऱ्याला मी आभा काढायलाच सांगतो. फक्त काढताना केसपेपरवरचे नाव, जन्मवर्ष आणि मोबाईल आधारप्रमाणे आहेत ना, हे खिडकीवरच तपासून घ्यावे; रक्त देण्याआधी लॅब या व्यवस्थेला जोडलेली आहे का, ते विचारावे; आणि डॉक्टरांनी लिहिलेल्या चिठ्ठीचा फोटो त्याच दिवशी स्वतः अॅपमध्ये चढवावा. ज्यांच्या मूत्रपिंडाचा आजार किंवा औषधाची अॅलर्जी ठाऊक आहे, त्यांनी ती माहिती मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद अजून तरी खिशात बाळगावा.